प्रेमगीतांचा विटाळ कुणाला होतो?

प्रेमगीत आणि ख्रिस्ताची शिकवण यांचं नाव एका वाक्यात घेतलं की आपल्याकडच्या बऱ्याच चर्चमध्ये कपाळाला आठ्या पडतात. तरुण संघाच्या सभेत कुणी एखादं गाजलेलं गाणं घेऊन म्हणालं, ‘यात मला शेजाऱ्याची सेवा दिसते,’ तर पुढच्याच रविवारी उपदेशाला विषय मिळतो. उपदेशाचा मजकूरही ठरलेला. प्रेमगीत म्हणतं ‘मला तू हवीस’, ख्रिस्त म्हणतो ‘मी तुझ्यासाठी’. एक मागणारं, दुसरं देणारं. प्रेमगीताचा जीव एका माणसात अडकलेला, ख्रिस्ताची प्रीती सगळ्या जगाला पुरून उरणारी. गाण्यातलं प्रेम म्हणजे लहर, सेवा म्हणजे निर्धार. तेव्हा या दोहोंची सांगड घालणं म्हणजे पोरांना खूश ठेवण्यासाठी पवित्र शास्त्र बाजारात मांडणं. आमेन. दानपेटी फिरवा.

हे म्हणणं इतकं चोपून-चापून बसवलेलं आहे की त्याचाच संशय यावा. प्रेमाच्या दोन जाती, त्यांतली एक वरची, एक खालची, आणि खालचीने वरचीच्या पाणवठ्यावर यायचं नाही. ज्या समाजातल्या कित्येकांच्या पणजोबांनी विटाळाला कंटाळून चर्चची पायरी चढली, त्या समाजाने गाण्यांचा विटाळ मानावा, याला काय म्हणावं?

आधी ही ‘बाजारू’ गाणी आली कुठून ते पाहू. बेन ई. किंगचं ‘स्टँड बाय मी’ हे १९६१ सालचं गाणं जगभरच्या प्रेमगीतांच्या यादीत असतं. अंधार, कोसळणारे डोंगर, आणि जवळ उभ्या असलेल्या माणसामुळे पळालेली भीती, एवढाच त्याचा ऐवज. हे डोंगर कुठले? ज्यांचं स्तोत्रसंहितेचं वाचन शाबूत आहे त्यांना सांगायला नको, हे सेहेचाळिसाव्या स्तोत्रातले डोंगर आहेत. आणि जवळ उभं राहण्याची विनवणी? ती किंगने सोल स्टिरर्स या भक्तिगायकांच्या मंडळीकडून उचलली. ते लोक ‘बापा, माझ्याजवळ उभा राहा’ अशा अर्थाचं गाणं गात होते. त्याच्याही मागे गेलात तर १९०५ सालचं, याच नावाचं एक उपासनागीत सापडतं. ते लिहिणारे चार्ल्स अल्बर्ट टिंडली यांचे वडील गुलाम होते. फिलाडेल्फियाच्या ज्या चर्चमध्ये टिंडली झाडूपोता करायचे, त्याच चर्चचे ते पुढे पाळक झाले, आणि गरिबांना जेवू घालणं हे त्या चर्चचं नित्याचं काम होतं. झाडूवाल्या पाळकाने रचलेली ही प्रार्थना पन्नासेक वर्षांनी रेडिओवर प्रेमगीत होऊन आली. म्हणजे गाणं बाजारातून चर्चमध्ये घुसलेलं नाही, चर्चमधून बाजारात गेलेलं आहे. सासरी नांदणारी लेक दारात आली तर ‘तू कुठली गं?’ म्हणून तिला उंबऱ्यावर उभी करायची, ही कुठली रीत?

यावर उत्तर तयार असतं: ‘अहो, हेच तर पाप! देवाला उठवलं आणि त्याच्या जागेवर बाईला बसवलं.’ हा आक्षेप बाकीच्यांपेक्षा वजनदार आहे आणि नवाही नाही. रे चार्ल्सने १९५४मध्ये ‘इट मस्ट बी जीझस’ या भक्तिगीताच्या चालीवर ‘आय गॉट अ वुमन’ बेतलं तेव्हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये संताप उसळला होता. नुसते पाळकच नाहीत, बिग बिल ब्रून्झीसारखा मुरलेला ब्लूज गायकही म्हणाला की हा पोरगा ब्लूज आणि भजन यांची खिचडी करतो आहे. त्याच्याही आधी, १५६२ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने चर्चमधून कामुक आणि अशुद्ध संगीत हद्दपार करण्याचा आदेश काढला होता. तेव्हा आमच्या ज्येष्ठांना पाठीशी घालायला साडेचारशे वर्षांची परंपरा आहे, हे मान्य.

पण देवाची जागा सगळ्यात आधी कुणी हलवली, हेही विचारू या की! मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा काय सांगतो? भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि तुरुंगातला, यांच्यासाठी जे केलंत ते माझ्यासाठी केलंत. देवाच्या आसनावर माणसाला बसवण्याचा हा उद्योग रे चार्ल्सने सुरू केलेला नाही. तो स्वतः ख्रिस्ताने केला, तोही शेवटच्या निवाड्याच्या प्रसंगी. त्यातही गंमत अशी की ज्यांना शाबासकी मिळते त्यांना पत्ताच नसतो. ‘प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं?’ असं ते गोंधळून विचारतात. त्यांनी देवाचं नाव घेऊन वाटीभर पाणी दिलं नव्हतं, समोरच्याला तहान लागली होती म्हणून दिलं होतं. मग देवाचं नाव न घेता एका माणसाने दुसऱ्याला ‘मी आहे’ म्हटलं, तर त्या शब्दाला चर्चच्या फाटकाबाहेर का उभं करायचं?

उलट दिशेचा प्रवास तर आणखी बोलका आहे. शिकागोच्या थॉमस ए. डॉर्सीचं नाव आमच्याकडे फारसं कुणी घेत नाही. हा माणूस पूर्वी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज वाजवायचा, मा रेनीसारख्या गायिकेला पियानोची साथ करायचा. १९२८मध्ये त्याने जे गाणं गाजवलं ते घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर म्हणण्याजोगं नव्हतं. १९३२ साली तो सेंट लुइसला उपासना-सभांत वाजवायला गेला असताना तार आली. बायको नेटी बाळंतपणात गेली होती. पाठोपाठ नवजात मुलगाही गेला. त्या दुःखातून ‘प्रेशस लॉर्ड’ आलं, हात धरून पुढे ने अशी देवाकडे केलेली याचना. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत महालिया जॅक्सनने १९६८ साली तेच गायलं. लक्षात घ्या, स्वतः महालियाने आयुष्यभर ब्लूज गायला नकार दिला होता, आणि तिच्या गळ्यातलं हे गाजलेलं भक्तिगीत मात्र ब्लूजवाल्याच्या बोटांतून आलेलं. डॉर्सीला बायकोवरचं प्रेम एका खणात आणि देवावरचं दुसऱ्या खणात ठेवता आलं नाही. आपल्या उपदेशकांना मात्र ते जमतं.

पुढे जानेवारी १९७२मध्ये लॉस एंजेलिसच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये अरीथा फ्रँकलिन दोन रात्री गायली. बाप सी. एल. फ्रँकलिन डेट्रॉइटचे नामांकित उपदेशक, आणि मुलगी ‘चर्च सोडून’ प्रेमगीतं गाणारी म्हणून बोलणी खाल्लेली. तिने त्या चर्चमध्ये काय केलं? डॉर्सीचं ‘प्रेशस लॉर्ड’ आणि कॅरोल किंगचं आदल्याच वर्षी आलेलं, मैत्रीची ग्वाही देणारं ‘यू हॅव गॉट अ फ्रेंड’ ही दोन गाणी एकात एक विणून गायली. ती ध्वनिफीत ऐकताना एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते चटकन कळत नाही, आणि समोर बसलेल्या मंडळीला ते कळून घ्यायची घाईही दिसत नाही.

आता ‘एकासाठी आणि सर्वांसाठी’ हा मुद्दा. माझा सगळ्यात जास्त संताप यावर आहे, कारण तो ऐकायला उदात्त वाटतो. सगळ्या जगावर प्रेम करणं ही जगातली सर्वांत स्वस्त गोष्ट आहे. जग आजारी पडून रात्री हाका मारत नाही. सेवा जेव्हा केव्हा घडते तेव्हा ती एकाच माणसाची घडते, एका वेळी. योहानाच्या तेराव्या अध्यायात ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले ते काय एकदम बाराही जणांवर पाणी शिंपडून? एकेकापुढे वाकून, रस्त्याची धूळ बसलेले एकेक पाय हातात घेऊन, पेत्राचा हुज्जत घालण्याचा वेळ धरून, आणि यहूदालाही न वगळता.

सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात रात्री एकच्या सुमारास एकदा जाऊन बघा. अर्धांगाने पडलेल्या बायकोच्या खाटेखाली चटई टाकून नवरा झोपलेला असतो. झोपलेला म्हणजे काय, दर दोन तासांनी उठून तो तिची कूस बदलतो, कारण नाहीतर पाठीला जखमा होतात. बेडपॅन लावतो, नळीत हवा शिरली का बघतो, चमच्याने पेज भरवतो, ओघळलेली पेज टॉवेलच्या कोपऱ्याने टिपतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी याच माणसाने हिच्यासाठी सिनेमातली गाणी गुणगुणली असतील. साथ देण्याच्या ज्या शपथा तेव्हा वाऱ्यावर सोडल्या होत्या त्यांची ही वसुली चाललेली असते. आणि तिसऱ्या दिवशी हाच माणूस शेजारच्या खाटेवरच्या, मागेपुढे कुणी नसलेल्या म्हाताऱ्यासाठीही थर्मासातला चहा ओततो. त्याला कुणी सेवेचा धडा दिलेला नसतो. एकीची कूस बदलता बदलता हात त्याला सरावलेले असतात, इतकंच. ‘एकावरचं प्रेम माणसाला कोतं करतं’ म्हणणाऱ्यांनी अशा वॉर्डातून एक फेरी मारावी आणि मग उपदेश लिहावा.

‘प्रेम ही भावना नव्हे, निर्णय आहे’ हेही एक व्यासपीठाचं आवडतं वाक्य. स्वीडनच्या अँडर्स नीग्रेन या धर्मपंडिताने १९३०च्या दशकात अख्खा ग्रंथ लिहून मानवी ओढीचं प्रेम आणि देवाचं निःस्वार्थ प्रेम यांच्यात भिंत घातली, तिचं ओझं आपण अजून वाहतो आहोत. ती भिंत कुणी पाडायला घेतली? कुणा गिटारवाल्या तरुण पाद्र्याने नव्हे, तर ज्यांना उपासनेतलं रॉक संगीत अजिबात मंजूर नव्हतं त्या पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी. त्यांचं पहिलंच परिपत्रक, डिसेंबर २००५चं, देव प्रेम आहे या विषयावर होतं. त्याचा पहिला भाग स्त्री-पुरुषांच्या प्रेमाबद्दल बोलतो, दुसरा भाग चर्चच्या सेवाकार्याबद्दल, आणि ही दोन प्रेमं एकमेकांपासून पुरती तोडता येत नाहीत हे त्यांनी स्पष्टच सांगितलं. आमच्यातल्या प्रॉटेस्टंटांना पोपचा दाखला चालत नसेल तर लूकचा चालेल ना? दहाव्या अध्यायातल्या शोमरोनी माणसाला आधी कळवळा आला, मग त्याने तेल आणि द्राक्षारस काढला, जखमा बांधल्या, गाढवावर बसवलं, उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले. भावना आधी, हिशेब नंतर. निर्धाराची आणि तत्त्वांची माणसं त्या रस्त्याने आधीच गेली होती. एक याजक होता, दुसरा लेवी. दोघेही पलीकडच्या बाजूने गेले.

आणि भावनेविना सेवा कशी दिसते हे आपल्याला ठाऊक नाही का? डिसेंबरात झोपडपट्टीत ब्लँकेटं वाटतात तेव्हा मागे बॅनर, पुढे फोटोग्राफर, आणि ब्लँकेट हातात असलेल्या बाईला ‘इकडे बघा, इकडे’ म्हणून दोनदा वळवतात. निर्णय झालेला असतो, ठराव मंजूर असतो, पावती फाडलेली असते. फक्त त्या बाईचं नाव कुणी विचारलेलं नसतं. पौलाने करिंथकरांना बजावलं होतं की सगळी संपत्ती गरिबांना वाटली आणि प्रीती नसली तर तुमच्या पदरात काहीच पडत नाही. गंमत पाहा, हाच तेरावा अध्याय आपण आता लग्नात वाचतो, नवरा-नवरीच्या डोक्यावर अक्षता टाकल्यासारखा. पौलाने तो लिहिला होता एका भांडकुदळ मंडळीला, जिथे प्रभुभोजनाला श्रीमंत पोटभर जेवायचे आणि गरीब उपाशी बसायचे. म्हणजे सेवेतल्या अरेरावीवरची कानउघाडणी आपण बिनदिक्कत प्रेमाच्या सोहळ्यात नेली, ते चाललं. प्रेमगीत सेवेच्या चर्चेत आणलं की मात्र धर्म बुडतो!

‘पण सगळी गाणी काय तुमच्या त्या अरीथासारखी असतात?’ नसतात. ‘द पोलीस’ या बँडचं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ हे १९८३चं गाणं लोक लग्नात हौसेने वाजवतात, आणि ते खरं तर पाळत ठेवणाऱ्या, हक्क गाजवणाऱ्या माणसाचं गाणं आहे. हे लिहिणाऱ्या स्टिंगनेच सांगितलं आहे. आपल्याही सिनेमांत बाईचा पिच्छा पुरवण्याला प्रेम म्हणणारी गाणी ढिगाने आहेत. ती घेऊन कुणी सेवेचा धडा देत असेल तर त्याला जरूर खाली बसवा. पण एक साधी कसोटी लावून बघा. वाईट गाणं फक्त गाणाऱ्याला काय वाटतं ते सांगतं. चांगलं गाणं तो काय करील ते सांगतं. पॉल सायमनच्या ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’मध्ये माणूस दुसऱ्याला पार नेण्यासाठी स्वतः पुलासारखा आडवा पडायला तयार होतो. ही प्रतिमा त्याने क्लॉड जीटर या भक्तिगायकाच्या एका ओळीवरून घेतली. बिल विदर्सचं १९७२चं ‘लीन ऑन मी’ वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसाखाणीच्या गावाच्या आठवणीतून आलं, जिथे कुणाचं ओझं कुणी उचलायचं हे विचारावं लागत नसे. त्यातलं एकही वाक्य ‘मला किती तळमळ वाटते’ असं म्हणत नाही. आता हीच कसोटी आपल्या नव्या धर्तीच्या उपासनागीतांना लावा. तीच तीच ओळ चौदा वेळा, डोळे मिटलेले, हात वर, आणि सगळं ‘मला किती छान वाटतं’ याबद्दल. त्यांत शेजारी कुठे असतो? भुकेला कुठे असतो? स्वार्थी प्रेमगीत शोधायचंच असेल तर रेडिओपर्यंत जायची गरज नाही.

परंपरेचा धाक दाखवणाऱ्यांना एवढंच सांगतो. क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या जखमी मस्तकाचं जे गीत जगभरच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला गातात, त्याची चाल हान्स लेओ हासलरच्या १६०१ सालच्या प्रेमगीताची आहे, एका मुलीपायी मन भांबावलेल्या प्रियकराच्या तक्रारीची. बाखने ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये ती पाच वेळा वापरली. बायबलमधलं गीतरत्न उघडा, त्यात दोन प्रेमी जीव एकमेकांना शोधत फिरतात. क्लेअरव्होच्या बर्नार्डने, पक्क्या मठवासी माणसाने, त्यावर ८६ प्रवचनं केली आणि तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीपर्यंतच पोचला. आपल्या शेजारच्या गोव्यात मांडो रचणारे पुष्कळसे लोक चर्चच्या शाळेत सूर आणि व्हायोलिन शिकलेले होते. सकाळी मिस्साला वाजवणारा हात संध्याकाळी विरहाचा मांडो लिहायचा, आणि त्यामुळे कुणाची मिस्सा बाटल्याचं ऐकिवात नाही. मराठी माणसाला तर हे शिकवायचीही गरज नसावी. ज्ञानेश्वरांच्या विराण्या आपण देवळात गातो. आणि तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगणारे ना. वा. टिळक आपलेच. त्यांच्या घरचं, म्हणजे लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’, हे मराठी ख्रिस्ती घरांतलं सर्वांत लाडकं पुस्तक. ते तरी काय आहे? एका भांडणाऱ्या, दुरावलेल्या आणि पुन्हा एकत्र आलेल्या जोडप्याची कथा. त्या घरातली वस्तू टिळक कुणाला देऊन टाकतील याचा लक्ष्मीबाईंना भरवसा नसायचा. त्या चिडायच्या, आणि दारात आलेल्याला जेवायलाही वाढायच्या. आता सांगा, यात संसार कुठे संपला आणि सेवा कुठे सुरू झाली?

उगाच दोन प्रेमांच्या दोन विहिरी खणू नका. माणूस एकाच जिवाने प्रेम करतो आणि त्याच जिवाने सेवा करतो. त्याची पहिली तालीम कुणाची प्रार्थनासभेत होते, कुणाची आईच्या उशाशी, आणि पुष्कळांची प्रेमात. तुम्ही प्रेमगीताला बाहेर काढलंत तर सेवा जास्त पवित्र होणार नाही, थंड होईल. थंड सेवा आपल्याकडे आधीच भरपूर आहे.

तेव्हा ज्येष्ठांना विनंती एवढीच. तरुणांच्या गाण्यांवर उपदेश लिहिण्याआधी ते गाणं एकदा शेवटपर्यंत ऐका, मग मत्तयाचा पंचविसावा अध्याय वाचा. त्यात सहा कामं नेमून दिली आहेत. त्या सहांपैकी एकही काम पोरं करत नसतील तर त्यांना त्याबद्दल जरूर झापा. गाण्याबद्दल नको.